शेवटच्या गड्याची जागा

प्रिय अमोस,

हे तुला आई वाचून दाखवते आहे, म्हणून अक्षर नेहमीपेक्षा मोठं आणि सुटं काढलं आहे. आई, त्याच्या खोलीचे पडदे ओढलेलेच राहू देत. पॅसेजमधला दिवा लावून दाराशी खुर्ची घे, म्हणजे उजेड तुझ्या कागदावर पडेल आणि त्याच्या डोळ्यांना लागणार नाही. सावकाश वाच. मध्ये काही ओळी गाळाव्यात असं तुला वाटेल. गाळू नकोस. तू फोनवर कबूल केलं आहेस, आणि आपल्या घरात कबूल केलेलं मोडत नाहीत हे तूच आम्हाला शिकवलंस.

अमोस, आधी इकडच्या साध्या बातम्या. वसतिगृहासमोरच्या कॉटनवुडच्या झाडाची सगळी पानं गेल्या आठवड्यात वाऱ्याने नेली आणि आता माझ्या खिडकीतून थेट धान्याच्या कोठारापर्यंत दिसतं. बुधवारचं फुटबॉल संघाचं जेवण अजून चर्चच्या तळघरातच असतं. परवा मिसेस यांट्सनी बीरॉक केले होते, आणि कोबी-खिमा इतका सढळ हाताने भरला होता की बन फाटून सगळं ताटात आलं. ट्रेमेनने तीन घेतले. मी नुसतं बघितलं तर म्हणाला, "मास्तरीणबाई, असं बघू नका, एक माझा आहे, बाकीचे अमोसचे." कर्णधार झाल्यापासून तो जास्त जेवतो आणि कमी हसतो. मला अजून सगळे मास्तरीणबाईच म्हणतात. कुणी शिवी दिली की माझे कान लाल होतात, ते त्यांना मचाणाखालूनही दिसतं म्हणे.

मी अजून मचाणावरच असते. मैदानाच्या कडेचं ते लोखंडी मचाण, वर मी आणि कॅमेरा, खाली तुम्ही सगळे मुठीएवढे. हे काम तूच मला मिळवून दिलंस. टर्झाला गर्दीत सोडू नका, उंचावर ठेवा, तिथे ती बरी असते, असं तू कोच रॅडकींना सांगितलं होतंस. ते खरंच होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आईकडे शिकलेली आपण दोघं. तू इथे कॉलेजात आल्या दिवशी सगळ्यांत मिसळून गेलास आणि मला जेवणाच्या रांगेत कुठे उभं राहावं ते अजून नीट कळत नाही. पण वरून मला सगळं दिसतं. रविवारी चर्चनंतर मी सामन्याचं चित्रण डावांप्रमाणे तोडून, चेंडू सुटल्यापासून शिट्टी होईपर्यंतचा एकेक तुकडा करून, कोचना देते. रविवारी काम करते हे बाबांना अजून आवडत नसेल. मलाही आवडत नाही. मी त्याबद्दल पाळकांना विचारून घेतलं आहे.

आता हंगाम. तो कसा गेला हे तुला कुणीच सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं की खेळ बघायचा नाही, ऐकायचा नाही, त्यावर बोलायचंही नाही, आणि घरात ते इतकं काटेकोर पाळलं गेलं की बाबांनी रेडिओ उचलून ट्रॅक्टरच्या शेडमध्ये नेऊन ठेवला. हे पत्र लिहिण्यापूर्वी मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. शांतपणे वाचलं तर चालेल म्हणाले. तेव्हा तू आडवा असशील तर आडवा राहा, बसला असशील तर बसून राहा. मी सांगते ते ऐक आणि माझ्याबरोबर राहा.

ऑगस्टमधल्या त्या सरावात तू आणि ट्रेमेन एकाच चेंडूसाठी उडालात, हेल्मेटवर हेल्मेट आपटलं आणि तू उठला नाहीस. हे तुला आठवत नाही असं डॉक्टर म्हणतात. त्यांचं दुसरं वाक्य आई-बाबांना पाठ आहे आणि मलाही: ह्या डोक्याला पुन्हा धक्का बसता कामा नये, लहानसाही नाही, दुसऱ्या धक्क्यातून सगळेच परत येत नाहीत. बाबांनी तुला घरी नेलं. आणि इकडे पहिल्या सामन्याच्या आधी ट्रेमेन कोचकडे गेला. म्हणाला, बचावाच्या पहिल्या डावाला आम्ही दहाच जण उतरतो, अमोसची जागा मोकळी ठेवतो. सगळ्यांच्या मागे, एकटा, शेवटच्या गड्याची ती जागा, जिथून तू सगळं मैदान बघायचास आणि जिच्यापुढे कुणाला जाऊ द्यायचं नाही. कोच म्हणाले, नियमाला हरकत नाही, अकराहून जास्त चालत नाहीत, कमी चालतात.

मी हे दुसऱ्या संघांत झालेलं ऐकलं होतं, पण ते गेलेल्या मुलांसाठी करतात. मला ते सहन झालं नाही. मी ट्रेमेनला गाठलं आणि म्हटलं, अमोस जिवंत आहे, त्याचं हे काय चालवलं आहे तुम्ही. त्याने बुटाची नाडी बांधून घेतली. मग म्हणाला, "म्हणूनच तर. मेलेल्याची जागा एका दिवसापुरती मोकळी ठेवतात. ह्याची, तो येईपर्यंत." त्याच्या डोक्यावर तुझ्या हेल्मेटचा रंग अजून होता. त्याच्या हेल्मेटवर म्हणते आहे मी. त्याने तो घासून काढला नव्हता.

पहिला सामना आपल्या मैदानावर झाला. समोरच्या संघाच्या चेंडू फेकणाऱ्याने मधलं एवढं रान मोकळं बघितलं आणि त्याने सरळ तिकडेच लांब चेंडू टाकला. त्यांचा पळणारा गडी एकटा होता, आसपास चिटपाखरू नव्हतं. चेंडू त्याच्या दोन्ही हातांत आला आणि निसटला. पायऱ्यांवरचे लोक हसले. पण तो मुलगा चेंडूकडे बघत नव्हता. त्याने मान वळवून मागे बघितलं, नावाने हाक मारल्यावर बघतात तसं. रविवारी मी तो डाव परत परत लावला. त्याच्या मागे गवत होतं, बाकी काही नव्हतं.

आपण जिंकलो. गेल्या वर्षी किती हरलो होतो ते तुला माहीत आहे, आणि कोच रॅडकींच्या अंधश्रद्धाही माहीत आहेत. जिंकलं की काही बदलायचं नाही. तीच टोपी न धुता, बसमध्ये तीच जागा, सकाळी तीच राजम्याची उसळ. तशीच ती मोकळी जागाही राहिली. दुसऱ्या सामन्यात दहा, तिसऱ्यात दहा. आपण जिंकत गेलो. गावातल्या पेट्रोलपंपावरच्या म्हाताऱ्यांनी त्या डावाला नाव ठेवलं, अमोसची वेळ. ते टोप्या काढून उभे राहायचे.

तिसऱ्या सामन्यात समोरच्या मुलाने चेंडू नीट पकडला. पकडून दोन पावलं धावला, आणि मग कुशीत कुणीतरी खांदा घालावा तसा तो कमरेत दुमडला आणि आडवा पडला. चेंडू बाहेर गेला. तो उठून पंचांकडे गेला, मला कुणी मारलं, कुणी मारलं म्हणून विचारत. त्याच्याच संघातले ओरडले, "वाऱ्याने मारलं तुला, जा वाऱ्याशी भांड." कॅन्ससमधला वारा माहीत असलेल्या कुणालाही हे पटतं. मीही हसले. संध्याकाळी आईने फोन केला. ज्वारी कापायला आली, बाबा हार्वेस्टरचा पट्टा आणायला गेलेत, मावशीचं गुडघ्याचं दुखणं, असं सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली की तुझ्या उजव्या खांद्यावर काळंनिळं झालं आहे, दारावर आपटला असशील. दुपारी तू आपण होऊन उठलास म्हणे. पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिलास, गुडघे थोडे वाकवून, हात पुढे, कोठीच्या दाराकडे तोंड करून. आईला वाटलं पाय मोकळे करतो आहेस. तिला बरं वाटलं होतं. आई, तुला खेळातलं काही कळत नाही ह्याचा तू नेहमी अभिमान बाळगलास, म्हणून तुला ते उभं राहणं ओळखता आलं नाही. मला आलं. मी ते मचाणावरून दोन वर्षं बघितलं आहे.

तू मध्ये थांबली असशील आई. पुढे वाच. आपल्या घरात अशा गोष्टी बोलत नाहीत, मान्य. मी कशालाही नाव देत नाही. तूच आम्हाला धडा वाचून झाला की पुस्तक मिटायला लावायचीस आणि विचारायचीस, आता जे वाचलं ते सांग, तुला काय वाटलं ते नको. मी तेवढंच करते आहे.

पुढचा सामना ओक्लाहोमात होता. संघ मैदानात उतरले आणि लांब आभाळात वीज चमकली. विजेचा नियम तुला माहीतच आहे, सगळ्यांना आत जावं लागतं आणि शेवटच्या चमकेपासून पुन्हा वाट बघायची. आम्ही वाट बघत राहिलो, ती परत परत चमकत राहिली, आणि सामना सुरू झाला तेव्हा दिवे लावले होते. त्यांनी पहिल्या डावाला तिकडे चेंडू टाकलाच नाही. कुणी तरी सांगितलं असावं. रात्री आईचा फोन आला तेव्हा मी विचारलं, आज अमोस उठला का. आई म्हणाली, "दुपारी नाही गं. मी म्हटलं आज बरा झोपला. मग दिवेलागणीला उठून उभा राहिला, भांडी विसळत होते मी." घरात रेडिओ नाही. तुझा फोन बाबांच्या कपाटात बंद आहे. आपल्याकडे त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं, हेही मी विचारून घेतलं.

अमोस, ऐकतो आहेस ना. थोडं पाणी पी. आई, त्याला पाणी दे.

मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायला शब्द कुठले आणायचे. प्रार्थनेत सांगितलं, तेही चाचरत. मग आला तो ऑक्टोबरअखेरचा सामना. त्या संघात एक धिप्पाड गडी आहे, बैलासारखा मान खाली घालून पळतो. त्यांनी पहिल्या डावाला चेंडू त्याच्या हातात दिला, तो आपल्या रांगेतून फुटून निघाला, आणि पुढे फक्त मोकळं गवत होतं. तुझी जागा. तो तिथवर पोचला आणि आवाज आला. वर मचाणावर मला ऐकू आला, पॅडवर पॅड आपटल्याचा तो कोरडा आवाज, तू ओळखशील. तो गुडघ्यांवर आला. मग उठला, आपल्याच हेल्मेटवर हात फिरवला आणि पुढे चालत गेला, धावला नाही, आणि आपल्या मुलांनी त्याला मागून ओढून पाडलं. त्या रात्री आईचा फोन आला नाही. बाबांचा आला. बाबा फोन करत नाहीत. म्हणाले, नाकातून रक्त आलं, थांबेना, आता थांबलं आहे, आणि सकाळपासून जे दोन-चार शब्द बोलत होता तेही बोलत नाही.

सोमवारी मी कोचच्या खोलीत गेले. तिथे मी कधी बसत नाही, त्या दिवशी बसले. एकेक डाव लावून दाखवला आणि आईच्या फोनमधलं सगळं सांगितलं. कोच आधी म्हणाले, पोरी, कॅमेऱ्याची काच पूस. मग म्हणाले, तू नीट जेवतेस ना. मग त्यांनी स्वतःच तो शेवटचा डाव पुन्हा लावला, आवाज वाढवून. मी एवढंच मागितलं की शनिवारी पहिल्यापासून अकरा जण उतरवा. ट्रेमेन भडकला. मला वाटलं होतं हरायच्या भीतीने भडकेल, पण त्याचं तसं नव्हतं. तो म्हणाला, "जागा भरली, तर मग तो परत येणार कुठे?" मी त्याला म्हटलं, तो येतोच आहे ट्रेमेन, दर शनिवारी येतो आहे आणि दर शनिवारी मार खाऊन घरी जातो आहे. हे मी मोठ्याने बोलले. बोलल्यावर मला माझीच भीती वाटली. ट्रेमेनने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, मग दुसरं कुणी नको, मी उभा राहतो तिथे.

तर गेल्या शनिवारी तुझ्या जागेवर ट्रेमेन होता आणि ट्रेमेनच्या जागेवर राखीव गडी. मी वरून मोजले. अकरा. डाव सुरू होण्याआधी मागच्या पंचाने बोटाने मोजले, पुन्हा मोजले, आणि पिवळं निशाण टाकलं. बारा गडी मैदानात, असा इशारा केला. कोच तरातरा आत गेले आणि म्हणाले, मोजून दाखव. पंचाने मोठ्याने मोजले आणि अकरावर येऊन त्याचं बोट हवेतच राहिलं. तो वयस्कर माणूस आहे, बाकी दिवस शाळेत गणित शिकवतो. त्याने निशाण उचललं, खिशात घातलं आणि तो आपल्या जागेवर परत गेला. चित्रणात अकराच आहेत. पण त्यात ट्रेमेन जागेवर नीट उभा राहत नाही. चेंडू सुटायच्या आधी तो एक पाऊल डावीकडे सरकतो, आपण होऊन सरकल्यासारखा नाही. नंतर त्याने मला मचाणाच्या शिडीशी गाठून सांगितलं. तू त्याला सरावात खांद्याचा पट्टा धरून सरकवायचास, तुझी जागा इथे नाही रे गाढवा, म्हणून. तसंच कुणीतरी सरकवलं म्हणाला. म्हणाला, हात ओळखीचा होता. तो रडत होता आणि त्याला ते लपवायचंही सुचलं नाही.

डाव साधाच झाला. त्यांचा गडी ट्रेमेनवर येऊन आदळला आणि दोघं पडले, अशा धडका एका सामन्यात कितीतरी होतात. पण त्याच वेळी आईला तू पॅसेजमध्ये खाली पडलेला सापडलास. पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण अमोसला ते कुणी सांगितलं नसेल. इस्पितळात पुन्हा डोक्याचे स्कॅन काढले. डॉक्टर म्हणाले, ह्याला नवा मार लागला आहे, एकदा नाही, बऱ्याचदा. मग त्यांनी बाबांना बाहेर बसायला सांगितलं आणि आईला हलक्या आवाजात विचारलं की घरात ह्याच्यावर कुणी हात उचलतं का. आईने ते मला फोनवर सांगितलं तेव्हा ती अगदी सरळ आवाजात बोलत होती. घरी येऊन बाबांनी माळ्यावरच्या जुन्या गाद्या खाली आणल्या आणि पॅसेजच्या दोन्ही भिंतींना ठोकल्या. ज्वारी अजून अर्धी शेतात उभी आहे. डॉक्टरांनी हेही सांगितलं आहे की असा आणखी एक धक्का बसला तर ते काहीही सांगू शकणार नाहीत. आणि ह्या शनिवारी शेवटचा सामना आहे. जिंकलो तर विजेतेपद.

दहा उतरवले तरी तू येतोस. अकरा उतरवले तरी येतोस. मग मला वाटलं, प्रश्न जागेचा नाहीच. मी मागे गेले. ऑगस्टच्या त्या सरावाचं चित्रण माझ्याकडेच होतं आणि ते कुणी उघडलेलं नव्हतं, मीही नाही. त्या दिवशी कॅमेरा मीच धरला होता आणि पुढचं सगळं हललेलं असेल अशी माझी समजूत होती. नव्हतं हललेलं. हात स्थिर होता, मला आश्चर्य वाटतं. मी मंगळवारी दुपारी वाचनालयात, भर उजेडात, शेजारच्या टेबलावर मुली खिदळत असताना ते बघितलं. तुम्ही दोघं उडता. आवाज होतो. तू पडतोस. कोच मैदानाच्या मध्यातून धावत येतात, शिट्टी त्यांच्या छातीवर उडते आहे. मुलं हेल्मेट काढतात, कुणी गुडघ्यावर बसतं, गाडी येते, तुला नेतात. मी शेवटपर्यंत ऐकलं. मग पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. त्यात शिट्टी नाही, अमोस. डाव संपल्याची शिट्टी कुणी वाजवलेलीच नाही. शिट्टी होईपर्यंत जागा सोडायची नाही, हे कोच पहिल्या दिवसापासून तुमच्या डोक्यात भरवतात, आणि तुझ्याइतकं ते कुणीच मनावर घेतलं नाही.

मी ते कोचना ऐकवलं. ते खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी गळ्यातली शिट्टी हातात घेतली आणि तिच्याकडे बघत राहिले. "मी वाजवलीच नाही," म्हणाले. "पोरगं अजून खेळतंय." लगेच गाडी काढून आपल्या शेतावर यायला निघाले होते, तुझ्यासमोर वाजवतो म्हणून. आईने फोनवर नकार दिला. असा कर्कश आवाज तुझ्या कानाशी झाला तर काय होईल सांगता येत नाही, आणि तिचं बरोबर आहे. मी मग तिच्याकडे दुसरं काही मागितलं. आई म्हणाली, "असलं काही मी मानत नाही, टर्झा. पण मुलीचं पत्र मुलाला वाचून दाखवायला माझी ना नाही."

म्हणून हे पत्र आहे, आणि म्हणून ते इतकं लांबवलं आहे. ह्याआधी ते आईने तुला वाचलेलं नाही. शनिवारी दोन्ही संघ मैदानात उतरले की मी मचाणावरून घरी फोन करणार, तो एकदाच वाजणार, आणि तेव्हा आई वाचायला बसणार, असं आमचं ठरलं आहे. नाणेफेक आपण जिंकलो तर कोच बचाव आधी घेणार आहेत. मी सगळं पत्र सावकाश मोठ्याने वाचून बघितलं आहे, पुन्हा पुन्हा, आणि पहिला डाव ह्या ओळींच्या आसपास यायला हवा. तेव्हा तू आत्ता बहुधा उठला असशील. आई कागद घेऊन तुझ्या मागे पॅसेजमध्ये आली असेल आणि तू गाद्यांच्या मध्ये उभा असशील, गुडघे वाकवून, हात पुढे. तू आम्हाला नको आहेस असं लिहिलं असतं तर काम सोपं झालं असतं, पण ते खोटं झालं असतं, आणि खोट्याने तू हलणार नाहीस. जे चित्रणात आहे तेच सांगते. तू पडलास त्यानंतरचं तू बघितलेलं नाहीस, मी बघितलं आहे. चेंडू तुझ्या बोटांना लागून वळला आणि गवतात पडला. तो कुणाच्या हाती लागला नाही. तुला ओलांडून कुणी पुढे गेलं नाही. ट्रेमेन स्वतःच्या पायांनी उठला आणि सगळ्यांत आधी तुझ्याजवळ आला. कोचनी शिट्टी वाजवली नाही ती ते तुझ्याकडे धावले म्हणून, आणि ती वाजवायचं काम त्यांनी आज माझ्यावर सोपवलं आहे, त्यांच्या शब्दांत: "डाव संपला, अमोस. तू अडवलंस. आता बाहेर ये, पोरा." आई, हे वाक्य पुन्हा एकदा वाच, आणि मग कागद खाली ठेवून त्याचा हात धर. मी इथे वर आहे आणि खालचे मोजते आहे. ते अकरा आहेत, अमोस, पुरेसे आहेत. खाली बस.

तुझीच,
टर्झा